लेकीला आणायला जाताना

कळंबहून भुवनेश्वर म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं टोक. आमची लेक तिथल्या संस्थेत होती. मूल दत्तक घेण्यासाठी 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करणारे आता गावोगाव भेटतात आणि पैसे किती लागतात, प्रवास कसा करायचा, हेच आधी विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. पैसा सुगीच्या भरवशावर ठेवू नका. आपल्याकडे सोयाबीनची रास झाली की हातात पैसा येतो. संस्थेचा निरोप मात्र कधीही येतो. आम्हाला तो मृगात आला, होतं नव्हतं ते बी-खतात गेलेलं होतं. बाळाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवायचा आणि तिथून ३० दिवसांत जाऊन भेट, कागदपत्रं, सगळं पुरं करायचं. एवढ्या घाईत उभा केलेला पैसा व्याजानेच येतो. आम्ही नोंदणी झाल्या झाल्या बँकेत वेगळी आरडी सुरू केली होती, यांच्या पगारातून परस्पर वळती होणारी. वाट पाहण्यात वर्षं जातात, त्यामुळे थोडं थोडं टाकूनही पुरेसं साठतं. त्या पैशाला कुणी हात लावायचा नाही, हे सासूबाईंनी घरात सगळ्यांना बजावलं होतं. विहिरीवरची मोटार जळाली तेव्हाही आरडी मोडली नाही.

२. ठरलेली रक्कम पाठ ठेवा. गृहभेटीच्या अहवालाचे ६,००० रुपये, संस्थेला बालसंगोपन निधीचे ५०,०००, आणि नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी होणाऱ्या पाठपुराव्याचे दर भेटीला २,०००. पैसे बँकेमार्फत भरायचे आणि पावती घ्यायची. याच्या वर कुणी देणगी मागितली तर द्यायची नाही. 'दवाखान्यातून परस्पर मूल मिळवून देतो' म्हणणारे आपल्याही भागात भेटतात. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्हीला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. शिवाय असं आणलेलं लेकरू कधीही कुशीतून काढून नेलं जाऊ शकतं. मला जास्त भीती त्याची वाटते.

३. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आपल्याला एक जादा काम आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, त्यामुळे विवाह प्रमाणपत्रावर उस्मानाबाद आणि नव्या आधारवर धाराशिव असं होतं. परराज्यातल्या कचेरीत ते दोन वेगळे जिल्हे वाटू शकतात. नामांतराच्या राजपत्राची प्रत सोबत असली की प्रश्न मिटतो.

४. जाताना आम्ही एसटीने सोलापूर गाठलं आणि तिथून कोणार्क एक्सप्रेस धरली. परतीचं तिकीट मात्र आधी काढलं नाही. संस्थेतल्या दत्तक समितीची बैठक पुढे ढकलली जाऊ शकते, बाळाला ताप येऊ शकतो. बाळ ताब्यात मिळण्याची तारीख पक्की झाल्यावर तत्काळमध्ये काढा. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही.

५. मुक्कामाला हात आखडता घेऊ नका. सगळ्या खर्चात सार्थकी लागलेला खर्च हाच, असं मी छातीठोकपणे सांगेन. संस्थेजवळ, स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या. आम्ही रोज सकाळी संस्थेत जाऊन बसायचो. सांभाळणाऱ्या मावशी तिला भात-वरण कसं कालवून भरवतात, दूध किती कोमट लागतं, हे बघून वहीत टिपायचो. ती उजव्या कुशीवरच झोपायची, आणि झोप लागेपर्यंत मावशींच्या पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळत राहायची. ते पाहून मी सुती साडी नेसायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची बोटं माझ्या पदराकडे आली. विमानाने जाऊन, सह्या करून, संध्याकाळी परतणारी जोडपीही असतात. त्यांची नोकरीची अडचण असेल, पण लेकराच्या दृष्टीने ते फार घाईचं होतं.

तिथल्याच दुधाच्या पावडरीचे दोन डबे आणि तिची वापरातली दुपटी मागून घेतली.

६. येताना तिच्या जन्मदाखल्यावर आमचं नाव नव्हतं. दत्तकपूर्व ताब्याचं पत्र तेवढं होतं. त्याची प्रत दोघांच्याही जवळ हवी, लॉजवर आणि गाडीत कुणी विचारलं तर दाखवायला. दत्तकाचा आदेश २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

परदेशात राहून इथलं मूल दत्तक घेणाऱ्या नातेवाइकांचा हिशेब वेगळा. हेग करारानुसार 'कारा'चं ना-हरकत, मग आदेश, मग बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा. एवढं हातात येईपर्यंत त्यांनी तारीख बदलता न येणारं विमानाचं तिकीट काढू नये, आणि दोघांपैकी एकाला तरी जास्त रजा मिळेल अशी सोय निघण्याआधीच करून ठेवावी.

७. आरडीतले थोडे पैसे शिल्लक ठेवा. आदेशासाठी पुन्हा जावं लागू शकतं, आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं असतं. लसींचं कार्ड संस्थेतून निघतानाच मागून घ्या.