पांगलेल्यांची साक्ष

शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें ८:१–८; ११:१९–२१. १ पेत्र ४:१४–१६.

स्तेफनास दगडमार झाल्यावर यरुशलेमांतील मंडळीचा मोठा छळ झाला, आणि प्रेषितांखेरीज सर्व जण यहूदा व शोमरोन प्रांतांत पांगले, असें लूक सांगतो. येथें ‘प्रेषितांखेरीज’ हा शब्द लक्षांत ठेवावा. जे पांगले ते कोणी मोठे गुरु नव्हते. घरदार मागें टाकून निघालेलीं तीं साधीं कुटुंबें होतीं. शोमरोनांत व पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षी व्हा अशी प्रभूची आज्ञा होती, पण मंडळी यरुशलेमांतच रमली होती. छळानें तिला वेशीबाहेर काढलें. अंत्युखियास पोहोंचलेल्यांपैकीं कांहींनीं तर हेल्लेणी लोकांसही सुवार्ता सांगितली. ज्यांच्या पंक्तीस बसणें पूर्वीं विटाळ वाटे, त्यांच्याच दारीं ते गेले. माझ्या मतें छळाचें खरें फळ तें हेंच. नुसत्या दुःखानें विश्वास वाढतोच असें नाहीं, कित्येकांचा मोडतोही.

ह्याचें प्रमाण एका छळ करणाऱ्याच्याच पत्रांत सांपडतें. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी यानें बादशहा ट्राजान यास लिहून विचारलें कीं, ह्या ख्रिस्ती लोकांचें करावें तरी काय? कित्येकांनीं मूर्तींपुढें धूप जाळून ख्रिस्ताचा धिक्कार केला, हें त्यानें लिहिलें आहे, आणि आपणही तें झांकूं नये. मग खरें काढण्यासाठीं त्यानें दोन दासींस यातना दिल्या. मंडळींत त्यांस सेविका म्हणत. अपराध कांहीं निघाला नाहीं. हे लोक ठरल्या दिवशीं पहांटे जमून ख्रिस्तास देव मानून स्तोत्र गातात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ वाहतात आणि मिळून साधें अन्न खातात, एवढेंच चौकशीअंतीं त्यास कळलें. त्या दासींचीं नांवें त्यानें दिलीं नाहींत. तरी त्यांची हकीकत बादशहापर्यंत गेली. ग्रीक भाषेंत ‘साक्षी’ ह्या अर्थाचा जो शब्द, तोच पुढें विश्वासासाठीं प्राण देणाऱ्यास लागूं झाला. आपण त्यास रक्तसाक्षी म्हणतों.

उपदेशक बंधूंनीं येथें पेत्राचा इशाराही शिकवावा. बांधाच्या तंट्यांत किंवा न फेडलेल्या कर्जापायीं जो त्रास होतो, त्यास छळ म्हणूं नये.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. इ. स. १८३९ सालीं मुंबईंत जॉन विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टांत गेलें आणि शाळेंतील बहुतेक पारशी मुलें काढून घेण्यांत आलीं. तरी दोघेही पुढें पाळक झाले. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग आला होता; पण तो अल्पवयी म्हणून कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली, तेव्हां सनातनी लोक त्यांच्यावरही उलटले. दयेनें वागणारा स्वजनांकडूनच छळला जातो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

त्या काळीं बाप्तिस्मा घेणारा वडिलार्जित मिळकतीसही मुकत असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें तो हक्क राखला; परंतु गांवची विहीर आणि आईच्या हातचें जेवण त्या कायद्यानें परत मिळालें नाहीं.

नारायणरावांस १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढें ते निजामाच्या राज्यांतील जालन्यास गेले, आणि तेथें त्यांचें काम मुख्यतः मांग समाजांत वाढलें. स्वतःच्या घराबाहेर पडलेला हा ब्राह्मण, ज्यांस गांवानें पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलें होतें त्यांचा पाळक झाला. दिवाण सर सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर त्यांनीं ह्या लोकांसाठीं जालन्याजवळ एक खेडें वसविलें, आणि त्यास बेथेल, म्हणजे देवाचें घर, असें नांव दिलें.