धनगर रेसचा घोडा का घेत नाही?

दिवाळी झाली की पुणे-सातारा भागातील रस्त्यांवरून मेंढ्यांचे मोठे कळप पश्चिमेकडे, कोकणाच्या दिशेने जाताना तुम्ही पाहिले असतील. कळपाबरोबर धनगरांचा वाडा चालत असतो आणि त्यांचा सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, घोंगड्या, धान्याची पोती, कोंबड्या, एवढेच काय, चालता न येणारी कोकरेसुद्धा!

एकदा आमच्या कॉलेजच्या सहलीची बस घाटाच्या तोंडाशी अशाच एका कळपासाठी थांबली होती. एका विद्यार्थ्याने खिडकीतून डोके बाहेर काढून तट्टू हाकणाऱ्या बाईंना विचारले, "मावशी, पुण्याच्या रेसकोर्सवरचा उंच घोडा तुम्हांला कुणी फुकट दिला तर घ्याल का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "नगं रं लेकरा. त्याला खायाला कुठनं घालू? आन् घाटात त्याचा पाय मोडला तर माझा संसार कोन उचलंल?"

बस सुटली. सगळे हसत होते. मी मात्र विचारात पडलो. वर्गात जो नियम समजावून सांगायला मला दोन तास लागतात, तो बाईंनी दोन प्रश्नांत सांगून टाकला होता.

आता असे पाहा. समजा, दोन घोडे अगदी एकाच घडणीचे आहेत, पण एक दुसऱ्याच्या सव्वापट उंच आहे. सव्वापट उंच म्हणजे सव्वापट लांब आणि सव्वापट रुंदही. म्हणून त्याचे वजन १.२५ × १.२५ × १.२५, म्हणजे जवळजवळ दुप्पट होईल. पण हे वजन पेलणाऱ्या हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि ते वाढेल फक्त १.२५ × १.२५, म्हणजे सुमारे दीडपट. वजन दुप्पट, आधार दीडपट! हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार सव्वापट झाला. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. ज्या उंचीवरून पडल्यावर घोड्याची हाडे मोडतात, तिथून पडलेल्या कुत्र्याला काहीच होत नाही, असे तो सांगतो.

बाईंचा पहिला प्रश्न चाऱ्याचा होता. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा लागतो. अडीचशे किलोच्या तट्टाला ५ किलो, तर पाचशे किलोच्या घोड्याला १० किलो. तट्टू वाटेतल्या गवतावर बरेचसे भागवते. रेसच्या घोड्याला मात्र नुसते गवत पुरत नाही, त्याला दाणा लागतो.

मग रेसच्या घोड्याचा मालक एवढा खर्च करून नेमके काय विकत घेतो? तो विकत घेतो पाय.

रेसकोर्सवर धावतो तो थॉरोब्रेड. ही जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात घडवली गेली. आजच्या प्रत्येक थॉरोब्रेडचे पितृकुळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचते, आणि त्यांच्या वंशावळीची नोंदवही १७९१ पासून ठेवलेली आहे. सुमारे ४०० मीटरच्या अंतरावर या घोड्याने ताशी ७० किलोमीटरच्या आसपास सरासरी वेग गाठलेला आहे.

हा वेग कसा येतो, ते क्रिकेटच्या बॅटवरून समजेल. बॅट मुठीकडून धरून झपाझप डावी-उजवीकडे फिरवा. मग तीच बॅट उलटी करून, जड पात्याकडून धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या खेपेस ती किती सहज फिरते! वस्तुमान फिरण्याच्या अक्षापासून जितके दूर, तितकी ती वस्तू फिरवणे अवघड. आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. खांद्यापासून ३० सेंटिमीटरवर असलेल्या १०० ग्रॅम स्नायूपेक्षा १२० सेंटिमीटरवर, म्हणजे खुरापाशी असलेले १०० ग्रॅम पाय झुलवताना सोळापट त्रास देतात. म्हणून थॉरोब्रेडचे सगळे जाडजूड स्नायू वर, धडापाशी असतात. गुडघ्याखाली जवळजवळ नुसते हाड आणि दोरखंडासारख्या कंडरा. या कंडरा स्प्रिंगसारख्या ताणल्या जातात आणि पाय उचलताना ती ऊर्जा परत देतात. शर्यतीच्या घोड्याला लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे नाल ठोकतात, त्याचेही कारण हेच. पाहा, नालबंदालाही अंतराचा वर्ग ठाऊक असतो.

पण याची किंमत द्यावी लागते. भरधाव धावताना एका क्षणी पुढच्या एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पाचशे किलोच्या घोड्याचा साडेबाराशे किलोग्रॅम-भार, आणि तोही त्या सडपातळ नळीच्या हाडावर! सपाट, निगा राखलेल्या मैदानावर हा पाय बहुधा टिकतो. तरीही शर्यतीत तो मोडतो आणि पुष्कळदा त्या घोड्याला मारावे लागते. घाटातल्या दगडधोंड्यांवर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

गाडी ओढणाऱ्याचा हिशेब याच्या अगदी उलट. घोडा पुढे जातो तो खूर आणि जमीन यांमधील घर्षणामुळे, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात असते. घर्षण गुणांक ०.५ धरला तर पाचशे किलोचा घोडा फार तर २५० किलोग्रॅम-भार एवढा जोर लावू शकेल. त्याहून जास्त लावला तर खूर घसरतील. म्हणून इंग्लंडात बिअरच्या पिंपांनी भरलेल्या गाड्यांना शायर जातीचे घोडे जुंपत. एकेक शायर ९०० ते १००० किलोंचा! इथे वजन हाच गुण आहे. (अशा घोड्यांना 'थंड रक्ताचे' आणि अरबी किंवा थॉरोब्रेड घोड्यांना 'गरम रक्ताचे' म्हणण्याची पद्धत आहे. थर्मामीटर लावलात तर दोघांचेही तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासच भरेल. ही नावे स्वभावावरून पडली आहेत.)

लांब पल्ल्याच्या स्वाराला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे उष्णता. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती मुख्यतः घामावाटे त्वचेतून बाहेर पडायची, आणि लहान, सडसडीत शरीराला वजनाच्या मानाने त्वचा जास्त मिळते. कॅलिफोर्नियात १९५५ साली २४ तासांत १०० मैल तोडण्याची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात अरबी घोडेच बहुतेक वेळा जिंकत आले आहेत.

निवड चुकली तर काय होते, याचा धडा दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने (१८९९ ते १९०२) दिला. बोअर शेतकऱ्यांकडे तिथलीच लहान, चिवट, माळरानावर चरून राहणारी घोडी होती. इंग्रजांनी समुद्रापलीकडून, अनेक देशांतून घोडे आणले. बोटीच्या प्रवासाने थकलेल्या या जनावरांना विश्रांती न देता जड ओझ्याखाली हाकले. त्यांना पुरेसा दाणा मिळाला नाही, हवा मानवली नाही. इंग्रजांचे ३ लाखांहून अधिक घोडे त्या युद्धात मेले. गोळी लागून मेलेले त्यांत थोडे; उपासमार, थकवा आणि रोग यांनीच बहुतेकांचा बळी घेतला.

धनगरांची तट्टे प्रामुख्याने भीमथडी जातीची. भीमेच्या खोऱ्यातील या जातीवर मराठ्यांचे घोडदळ दूरदूरच्या मोहिमा करी. ती बुटकी आहेत, पण त्यामुळेच गुरुत्वमध्य जमिनीजवळ राहतो आणि उतारावर तोल जात नाही. पाय आखूड, म्हणून वेग कमी. पण वाड्याचा वेग मेंढ्या ठरवतात, तट्टू नव्हे!

यंदा वाडा तुमच्या गावावरून गेला तर एक टेप घेऊन जा. मालकांची परवानगी घेऊन, तट्टाच्या मागे उभे न राहता, पुढच्या पायाच्या नळीचा घेर आणि खांद्यापाशी उंची मोजा. मग एखादा टांग्याचा किंवा लग्नाच्या वरातीचा घोडा मिळाला तर त्याचीही तीच मापे घ्या. उंचीला घेराने भागून दोघांची उत्तरे शेजारी शेजारी लिहा. भागाकार कोणाचा मोठा आला, आणि तो घोडा कशासाठी पाळला आहे?