परांची चढण्याआधी

चि. मनूस,

तुमच्या इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरची तिन्ही कोटेशनं वाचली. कमिटीचा कल सर्वांत स्वस्ताकडे दिसतो. दराचं मागाहून पाहू. सेक्रेटरी म्हणून करारावर सही तुझी असणार, म्हणून आधी विम्याचं लिहितो. तिघांपैकी एकानेही तो विषय काढलेला नाही.

सात मजल्यांची परांची, आणि तिच्यावर चढणारी पोरं पंचविशीच्या आसपासची. कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे 1923 मध्येच आला. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, असा त्याचा हिशेब. पंचविसाव्या वर्षी हा गुणक 216.91. पगार 15,000 धरलास तर रक्कम 16 लाखांवर जाते. ती द्यायची कंत्राटदाराने. ज्याच्याकडे सिमेंटवाल्याचीच उधारी थकलेली, तो कुठून देणार? पॉलिसी नसेल तर त्या मुलाची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहते, आणि सोसायटीलाही त्या दाव्यात ओढलं जातं.

तेव्हा ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ची पॉलिसी माग. नुसती फाइलला लावू नकोस, वाच. कामाचा पत्ता तुमचाच आहे का? हप्ता वाचवायला कागदावर पाच माणसं दाखवतात आणि परांचीवर पंधरा असतात. इतक्या उंचीवरचं काम त्यात धरलंय का? आणि पोटकंत्राटदाराची माणसं? प्लास्टर एकाचं, परांची बांधणारा दुसरा, रंगारी तिसरा. बांबू बांधणारा पडला की ‘तो आमचा माणूस नव्हे’ हे उत्तर तयार असतं. मुदतही बघ. पावसाने काम दिवाळीपर्यंत लांबतं, पॉलिसी गणपतीतच संपलेली असते. पॉलिसी नंबर घेऊन विमा कंपनीत तू स्वतः फोन कर. खालच्या गाड्या, येणारे-जाणारे यांच्यासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी वेगळी असते. त्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचं कलम आहे ना, ते तपास.

करारात बाकीचं थोडकं आहे. बिल प्रत्यक्ष मोजमापावर, जादा काम लेखी मंजुरीशिवाय नाही. पाच टक्के रक्कम निदान एक पूर्ण पावसाळा राखून ठेव. लेटरहेडवरच्या दहा वर्षांच्या हमीपेक्षा मला तिचा भरवसा जास्त वाटतो. उशिराचा दंड वाजवी लिही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा.

एक ओळ मात्र जशीच्या तशी घाल: पॉलिसीची प्रत सोसायटीला मिळाल्याशिवाय अॅडव्हान्स सुटणार नाही आणि परांचीचा पहिला बांबूही उभा राहणार नाही. खर्च वाढतो, असं कमिटीत कुणीतरी म्हणेलच. वाढतो, खरं आहे. तिघांकडूनही विम्याचा खर्च वेगळा लिहून घे, म्हणजे दरांची तुलना सारख्या पायावर होईल, आणि आजचा स्वस्त तेव्हाही स्वस्त राहतो का ते कळेल.

मसुदा झाला की सभेआधी पाठव, वाचून देतो.

तुझा,
मामा