रंगभूमीवरील अश्रू

नाटकांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास पाठांतराची धास्ती वाटते. परंतु पाठांतर पंधरवड्यांत होतें. खरी अडचण असते ती अश्रूंची. शाळेंत असतांना उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावरील नाट्यप्रवेशांत पित्याची भूमिका आमच्या वांट्यास आली, तेव्हां हें आम्हांस चांगलेंच उमगलें. पुत्र दूर असतांनाच पिता त्यास ओळखतो आणि धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडतो, एवढाच तो प्रसंग. पण आम्ही कपाळास हात लावीत होतों, उसासे टाकीत होतों, आवाज कांपवीत होतों, आणि समोर बसलेले सोबती तोंडास रुमाल लावून हंसत होते!

तालीम घेणाऱ्यांनीं सुचविलें कीं, स्वतःचें एखादें दुःख आठवावें. आमचे आजोबा वर्षापूर्वींच वारले होते. त्यांच्या अखेरच्या रात्रीचें स्मरण करतांच खरोखरच रडूं कोसळलें. सर्वांनीं वाहवा केली. दुसऱ्या व तिसऱ्या तालमीसही तें साधलें. चौथ्या तालमीस मात्र डोळे कोरडे ते कोरडेच. आजोबांचा चेहरा आठवूं गेलों, तर वाहवा करणारे सोबती तेवढे आठवत. त्या रात्रीं घरीं गेल्यावर त्यांच्या तसबिरीकडे पाहण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. जपून ठेवावयाची वस्तु आपण बाजारांत नेली, असें वाटत राहिलें.

पुढें वाचनांत आलें कीं, या वाटेनें एक थोर पुरुष आमच्या कितीतरी आधीं जाऊन आला होता. मॉस्को आर्ट थिएटरच्या संस्थापकांपैकीं एक, रशियन नट व दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनीं रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लेखनांतून भावस्मृतीची कल्पना घेतली व नटांकडून तिचा अभ्यास करविला; परंतु आयुष्याच्या उत्तरकाळांत त्यांनीं भर दिला तो नटाच्या साध्या, शारीरिक कृतीवर. १९३६ सालीं इंग्रजींत निघालेला त्यांचा ग्रंथ एका नाट्यविद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपांत आहे. त्यांतील एक प्रसंग असा : मारिया नांवाच्या विद्यार्थिनीजवळ फी भरावयास पैसे नाहींत. मैत्रिणीनें दिलेली रत्नजडित टांचणी पडद्याच्या चुणींत हरवली आहे, ती तिनें शोधावयाची. मारिया धांवते, पडदा कवटाळते, तोंड झांकून घेते, आणि मोठ्या समाधानानें परत येते. गुरु विचारतात, "टांचणी कोठें आहे?" ती शोधावयाचें मारिया विसरूनच गेलेली असते! मग ते बजावतात कीं, टांचणी न सांपडल्यास शाळा सोडावी लागेल. आतां ती एकेक चुणी चांचपून पाहूं लागते, आणि तिची खरी व्याकुळता पाहणाऱ्यांना दिसते.

आपल्या भरतमुनींनींही अश्रु, रोमांच, स्वरभेद इत्यादि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि सत्त्वाचें मूळ मनाच्या एकाग्रतेंत दाखविलें आहे. काळजास पीळ देण्यास त्यांनीं सांगितलेलें नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली.

आमच्या तालमींतही असेंच कांहीं घडलें. एका वडील शिक्षकांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "हा म्हातारा रोज दारांत उभा राहून काय करतो?" तो वाट पाहतो; म्हणजे रस्ता पाहतो. त्याची दृष्टि मंद आहे. येणारा माणूस लंगडतो कीं दमला आहे, ही चाल ओळखीची कीं परक्याची, हें त्याला ताडावयाचें आहे. आम्ही तेवढेंच करूं लागलों. हंसणारे सोबती हळूहळू मागें वळून आमच्या नजरेच्या दिशेस पाहूं लागले.

प्रयोगाच्या दिवशीं आमच्या डोळ्यांत पाणी आलें कीं नाहीं, तें आज सांगतां येत नाहीं. समोरून येणाऱ्या मुलाच्या पायांत वहाणा नव्हत्या, एवढें मात्र आठवतें.