‘अप’वर विसंबू नकोस

सोमवारपासून तुझी रात्रपाळी. फोन वाजेल तो बहुतेक पहाटे तीनला, आणि पलीकडून एवढंच ऐकू येईल, “साइट बंद आहे.” अर्धवट झोपेत तुझा हात आपोआप रीस्टार्टकडे जाईल. मावशीचं ऐक, तो हात आवर आणि आधी ‘डॉकर पीएस’ मार.

तेही नुसतं नाही, पुढे ‘डॅश ए’ लावून. नुसतं ‘डॉकर पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतं. हजेरी घेताना आलेल्यांचीच नावं पुकारावीत, तसला प्रकार. यादी छान हिरवीगार दिसते आणि जो पडलाय तो त्यात नसतोच. नवी पोरं हाच हुकूम ‘डॉकर कंटेनर एलएस’ असा लिहितात, काम तेच. माझ्या बोटांना पीएसची सवय आहे, ती काही आता सुटायची नाही.

यादी आली की सगळे स्टेटसच्या रकान्याकडे बघतात. तू त्याच्या शेजारचा ‘क्रिएटेड’ही बघ. कंटेनर तयार झालाय तीन आठवड्यांपूर्वी आणि स्टेटस म्हणतोय ‘अप ४० सेकंद’, तर स्वारी आत्ताच पडून उठली आहे. मिनिटभर थांब, पुन्हा तोच हुकूम मार. आता ‘अप ५ सेकंद’ दिसलं तर उठणं-पडणं चालूच आहे असं समज. डॉकरने त्याला आपणहून किती वेळा उठवलं, ते ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘रीस्टार्ट काउंट’पुढे लिहिलेलं असतं.

आणि ‘अप’ म्हणजे तरी काय? आतली मुख्य प्रोसेस जिवंत आहे, बस. ती काम करते का, डेटाबेसशी बोलते का, की नुसती डोळे उघडे ठेवून पडली आहे, हे ‘अप’ सांगत नाही. ते कळायला हेल्थचेक लिहिलेला लागतो. तो असेल तर कंसात ‘हेल्दी’ किंवा ‘अनहेल्दी’ येतं. कंसच नसेल तर कुणी तपासलेलंच नाही असा अर्थ घे. मुद्दाम काही बदललं नसेल तर डॉकर दर ३० सेकंदांनी तपासतो आणि लागोपाठ ३ वेळा नापास झाल्यावर ‘अनहेल्दी’ म्हणतो. म्हणजे साधारण दीड मिनिट तुला ‘हेल्दी’ दिसतंय आणि गिऱ्हाईक ओरडतंय, असं होऊ शकतं. शिवाय एकटा डॉकर ‘अनहेल्दी’ कंटेनरला उठवायला जात नाही, नुसता शेरा मारतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

पडलेल्याच्या कंसात आकडा असतो, ‘एक्झिटेड १३७’ वगैरे. १२८च्या वरचा आकडा दिसला की त्यातून १२८ वजा कर. राहिला तो सिग्नलचा क्रमांक. १४३ म्हणजे १५, सिगटर्म, ‘आवरा आता’ अशी विनंती. १३७ म्हणजे ९, सिगकिल, थेट गळा. १२७ दिसलं तर वजाबाकी नको, तिथे हुकूमच सापडलेला नसतो. बहुधा नाव चुकलेलं असतं.

या १३७ने मला एकदा चांगलंच नाचवलं. एका बिलिंगच्या कामात रात्री एक कंटेनर १३७ घेऊन पडायचा. रोज नाही, अधूनमधून. १३७ म्हणजे मेमरी संपली, हे पाठच होतं. मी मेमरी दुप्पट केली, मग चौपट. तरी पडला. शेवटी एका सिनियरने विचारलं, “इन्स्पेक्ट बघितलंस का?” नव्हतं बघितलं. ‘ओओएम किल्ड’पुढे चक्क ‘फॉल्स’. त्याच्याच खाली ‘फिनिश्ड ॲट’, २१:००:१०. ही वेळ यूटीसी. साडेपाच तास मिळवले की आपले रात्रीचे अडीच वाजून दहा सेकंद. अडीचला बॅकअपची स्क्रिप्ट सुरू व्हायची आणि ती पहिल्यांदा ‘डॉकर स्टॉप’ मारायची. स्टॉप आधी सिगटर्म देतो, १० सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल. ते दहा सेकंद माझ्या डोळ्यांसमोर होते. कंटेनरची मुख्य प्रोसेस होती एक शेल स्क्रिप्ट, जावा तिच्या पोटात. तिने निरोप जावापर्यंत पोचवलाच नव्हता. म्हणजे कंटेनर रोजच १३७ने मरत होता, बॅकअप झाला की स्क्रिप्ट त्याला परत उठवायची म्हणून कुणाला पत्ता नव्हता. ज्या रात्री डिस्क भरून बॅकअप अडकायचा, त्या रात्री पुढची ‘स्टार्ट’ची ओळच यायची नाही. हाताने थांबवलेल्याला रीस्टार्ट पॉलिसीही उठवत नाही. शेल स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत जावाच्या आधी ‘एक्झेक’ हा एक शब्द घातला आणि १३७ गेलं. मेमरी मात्र फुकट वाढवून ठेवली होती, ती गुपचूप खाली आणली.

तेव्हापासून माझ्या उशाशी यूटीसीचं घड्याळ असतं म्हण ना. ‘डॉकर लॉग्ज’ला ‘डॅश टी’ लावून वेळ मागितलीस तर तीही यूटीसीच येते. आणि सगळे लॉग ओतू नकोस, ‘टेल १००’ पुष्कळ.

पोर्टचा रकाना एका नजरेत होतो. बाण दिसला तर दार बाहेर उघडतं. नुसतं ‘८०/टीसीपी’ असेल तर यजमानाच्या मशीनवर ते पोर्ट उघडलेलंच नाही, मग ब्राउझरला दोष देऊ नकोस.

पडलेला कंटेनर ‘आरएम’ करायची घाई मुळीच नको. तो गेला की त्याचे लॉगही गेले. आधी फाइलमध्ये उतरवून घे. तुमच्याकडे काही कामं कुबरनेटीसवर आहेत, तिथे ‘लॉग्ज’ला ‘प्रीव्हियस’ लावलंस तर आत्ताच्या नाही, त्याच्या आधी मेलेल्या कंटेनरचे शब्द मिळतात. ‘क्रॅश लूप बॅक ऑफ’ दिसेल तेव्हा हेच हवं असतं.

आणि हो, कंटेनरला नाव दे. नाहीतर डॉकर आपल्या मनाने एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं आडनाव जोडतो. त्या आडनावांच्या यादीत भाभा आहेत, रामानुजन आहेत. ‘बोअरिंग वॉझनियॅक’ एवढी जोडी मुद्दाम टाळलेली आहे. गंमत ठीक आहे, पण पहाटे तीनला फोनवर असलं नाव कुणाला सांगून बघ.

अडलीस तर मला उठव. फक्त स्क्रीनचा फोटो पाठवू नकोस, मला बारीक अक्षर दिसत नाही. ‘पीएस डॅश ए’चा मजकूर तसाच चिकटव.