बसचे पैसे भरण्याआधी यादी विचारा

कॉलेजच्या बसचे वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका. भरायचेच असतील तर आधी एसटीच्या आगारात जा आणि एवढंच विचारा, ‘पासासाठी आमच्या कॉलेजची यादी आली आहे का?’ जूनमध्ये हे मला कुणी सांगितलं असतं तर आईने बचत गटातून उचललेले पैसे वाचले असते. गावाकडून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे.

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कने पप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि एसटीची उणीदुणी काढायला सुरुवात केली. “दादा, संपात पोरांचे काय हाल झाले, विसरलात? आमची गाडी फाट्यावरून नेईल, फाट्यावर सोडेल.” संप झाला होता, ते खरंच. 2021च्या दिवाळीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीची चाकं जवळपास थांबलेली होती. मी तेव्हा नववीत होते, वडापच्या जीपमध्ये कोंबून शाळेला जायचो आम्ही. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेही खरं. खऱ्या गोष्टी पुढे करून त्याने पप्पांना पटवलं. मी तिथेच विचारलं होतं, “पण विद्यार्थी पासाचं काय?” तो म्हणाला, “ताई, ते जुनं बंद झालं. नवीन काहीतरी निघालंय, त्याचा अजून पत्ता नाही.” दर महिन्याला पैसे भरले तर चालतील का, हेही विचारलं. “मग सीटची खात्री नाही.” पप्पांनी पैसे मोजले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी आलीच नाही. फाट्यावर तास-दीड तास उभ्या राहिलो, तेव्हा ड्रायव्हरचा फोन लागला. आमचा रूट बंद केलाय म्हणे, पोरं कमी, डिझेल परवडत नाही. आधी कळवायची तसदीसुद्धा कुणी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरच्या पासाच्या खिडकीवर गेले. तिथल्या मॅडमनी कॉलेजचं नाव विचारलं, फाइल उघडली आणि ती माझ्याकडे फिरवली. तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांनी पाठवलेल्या, पास हव्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या एकाखाली एक लावलेल्या, प्रत्येकीवर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. आमचं कॉलेज त्यात नव्हतं. “जूनपासून आम्हीच कॉलेजात येऊन पास देतो. तुमच्या ऑफिसने यादीच दिली नाही. फोन केले, तर ‘आमच्या पोरांना पास नको, आमची बस आहे’ म्हणाले,” मॅडम म्हणाल्या. मी तशीच उभी राहिले. पास बंद झालेला नव्हता, तो आमच्यापर्यंत येऊ दिला नव्हता, कारण आम्हाला पास मिळाला असता तर त्यांच्या गाडीत कोण बसलं असतं?

पैसे परत मागायला ऑफिसात गेले, तर चहा पाजणाऱ्या त्याच माणसाने मला ओळखही दाखवली नाही. पावती मागितली, टेबलावर सरळ केली आणि त्यावर बोट ठेवून म्हणाला, “यात बस कुठे आहे?” खरंच नव्हती. छापलेल्या रकान्यात ‘इतर शुल्क’ आणि पुढे रक्कम, बस्स.

आता ऐका. विद्यार्थी पासावर 66.66 टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांश आपण भरायचा. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, त्यांनी एक रुपयाही भरू नये. मार्च 2023 पासून बायका-मुलींना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि आमच्या गावातल्या कितीतरी मुलींनी ‘अर्धं आहेच की’ म्हणून पास काढणंच सोडलं. त्यांनी हा हिशेब करून बघावा. एका वेळचं पूर्ण तिकीट 30 रुपये धरा. 30 दिवसांचं जाऊन-येऊन 1800 होतं, त्याचा पास साधारण 600 रुपयांना पडतो. अर्ध्या तिकिटाने रोजचे 30 रुपये, म्हणजे 20 दिवसांतच 600 गेले. महिन्यात 20 दिवसांपेक्षा जास्त कॉलेज असेल तर पास काढा. दिवाळी, परीक्षा किंवा लग्नसराईचा महिना असेल तर अर्धं तिकीट परवडतं. मुलांना अर्ध्या तिकिटाची सोय नाही, त्यांनी हा विचार करतच बसू नये, पास काढावा.

सुट्टीच्या तोंडावर पास काढू नका, कॉलेज उघडेल त्या दिवसापासून काढा. पास साध्या गाडीचा असतो. संध्याकाळी साधी गाडी चुकली आणि पुढची शिवशाही असली, तर मुलींना तिथेही अर्धं तिकीट चालतं.

पासासाठी लागणाऱ्या बोनाफाईडसाठी कॉलेजच्या ऑफिसात तोंडी विनवण्या करू नका. अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मला चार दिवस ‘साहेब नाहीत’ ऐकवणाऱ्यांनी शिक्का मारल्यावर दुसऱ्या दिवशी बोनाफाईड दिलं. कुठलेही पैसे भरताना कशाचे ते पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर नोटा खिशातच ठेवा. गाडीची वेळ जुळत नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, एकट्यादुकट्याचं कुणी ऐकत नाही. कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा.

एसटी उशिरा येते, पावसाळ्यात गळते, प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी चुकते. हे सगळं मी रोज भोगते आहे. पण तिथे तिकिटावर रक्कम छापलेली असते आणि पासावर तारीख.

आम्ही सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी दिलं, तेव्हा जानेवारीत आमच्या कॉलेजची यादी आगारात गेली. बसचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. मी मागायचं सोडलेलं नाही.