डबा जड की हलका?

गाडी जवळून गेली की पायाखालची जमीन थरथरते. हा डबा किती वजनाचा असेल, असे कोणाच्याही मनात येते. आमच्या इस्लापुरात पुष्कळांचे मत ठरलेले आहे. ते म्हणतात, "गुरुजी, जड तेवढं मजबूत!" हे खरे का, ते हिशेब करून पाहू.

आधी बैलगाडी घ्या. दहा क्विंटल माल दोन चाकांवर लादला, म्हणजे एका चाकावर पाच क्विंटल भार आला. पावसाळ्यात काळ्या रानात ती गाडी रुतणारच. तोच माल दोन गाड्यांत भरा, दोन्ही गाड्या निघतील. माल काही कमी झाला नाही, तो चार चाकांवर वाटला गेला. रेल्वेचेही तसेच आहे. सगळ्या डब्याचे वजन रुळाला एका जागी लागत नाही. चाकांच्या एका जोडीचा एक आख. त्या आखावर भार किती, हे पाहून रूळ घालतात.

आपल्या मराठवाड्यात याचे मोठे उदाहरण झाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत लहान गाडी सुरू केली. तीच बार्शी लाईट रेल्वे. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. 1911 साली ती लातूरला पोचली. कॅलथ्रॉपने नियम धरला होता : इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, एका आखावर पाच टनांहून जास्त भार नको. त्यामुळे मीटरला सुमारे 15 किलो वजनाचा बारीक रूळ पुरला. आज मोठ्या मार्गावर मीटरला 60 किलोचा रूळ घालतात. रूळ हलका म्हणून खर्च कमी. खर्च कमी नसता, तर निजामी मुलखातल्या लातूरला तेव्हा गाडी आली असती असे मला वाटत नाही.

आता मोठा डबा. मद्रासच्या पेरांबूर कारखान्यात 1955 सालापासून पोलादी डबे होऊ लागले. त्याआधीच्या डब्यांचे अंग बहुधा लाकडी असे. अपघातात त्या लाकडाच्या चिरफळ्या होऊन माणसे जायची. पेरांबुरी स्लीपर डबा रिकामा सुमारे 38 टनांचा. त्यात 72 माणसे झोपतात. माणूस आणि सामान मिळून 80 किलो धरले, तर 72 माणसांचे पावणेसहा टन झाले. म्हणजे पावणेसहा टन माणसे न्यायला 38 टनांचा डबा ओढायचा! माणशी सव्वापाच क्विंटल ओझे. डिझेल आणि वीज त्यावरच खर्च होते. मुंबईच्या मेट्रोला तर किलोमीटर-दीड किलोमीटरवर थांबून पुन्हा निघावे लागते. तिथे जड डबा फारच महाग पडतो.

2000 साली जर्मन बनावटीचे नवे डबे आले. ते जवळजवळ दोन मीटर जास्त लांब आहेत. स्लीपर डब्यात 80 माणसे झोपतात. लांबी वाढली, पण वजन त्या मानाने वाढले नाही, कारण पोलाद चांगल्या जातीचे आणि पातळ आहे.

मग तो कच्चा आहे का? नाही. जुने डबे आकडा आणि स्क्रूने जोडत. टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यावर चढे, आणि माणसे चेंगरत. नव्या डब्यांची जोडणी अशी आहे, की डबा डब्यावर सहसा चढत नाही. जीव वाचतो तो जोडणीने आणि सांगाड्याच्या बांधणीने, नुसत्या वजनाने नव्हे. लातूरजवळच आता डब्यांचा कारखाना आहे. तिथला पहिला सांगाडा 25 डिसेंबर 2020 रोजी तयार झाला.

करून पाहा : डब्याच्या टोकाच्या भिंतीवर रिकाम्या डब्याचे वजन टनांत रंगवलेले असते. गाडी उभी असताना फलाटावरूनच ते वाचा. रुळावर उतरू नका. सणासुदीला जनरल डब्यात 200 माणसे कोंबली, तर त्यांचे वजन किती टन होईल? ते डब्याच्या वजनात मिळवा आणि चार आखांवर वाटा.